दिग्दर्शकाची फजिती

इस्पितळात एका रुग्णाच्या तपासण्या चालल्या आहेत. डॉक्टर गंभीर, यंत्रं महागडी, एकूण कारभार चोख. फक्त रुग्ण म्हणजे एक पुतळा आहे. माणसाच्या उंचीचा, ताठ, पोकळ, आणि चेहऱ्याने हुबेहूब ताकेशी कितानोसारखा. तपासणाऱ्यांना यात काही वावगं वाटत नाही. पुतळ्याची रीतसर तपासणी होते आणि चित्रपट पुढे सरकतो.

जपानमध्ये जून २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘कांतोकु बांझाई!’ या चित्रपटाची ही सुरुवात. बाहेरच्या जगात तो ‘ग्लोरी टु द फिल्ममेकर!’ या नावाने फिरला. आपण ‘दिग्दर्शकाचा विजय असो!’ म्हणू. कितानोचा हा तेरावा चित्रपट. विषय असा की, कितानो नावाच्या दिग्दर्शकाने यापुढे गुंडपट काढणार नाही असं जाहीर करून टाकलं आहे आणि आता काय काढावं हे त्याला सुचत नाही. एवढंच. जे काही घडतं ते या न सुचण्यातून घडतं.

या माणसाची आणि आपली ओळख तशी जुनी आहे, फक्त ती चुकीच्या दाराने झाली. दोन हजारच्या दशकात ज्यांच्या घरी लहान मुलं होती त्यांना ‘पोगो’ वाहिनीवरचा ‘ताकेशीज कॅसल’ आठवत असेल. शेकडो जपानी माणसं चिखलात पडतायत, फिरत्या ओंडक्यांवरून घसरतायत, भिंतींवर आपटतायत, आणि वर जावेद जाफरीची हिंदी टकळी अखंड चालू. तो किल्ला ज्याचा, तो गादीवर बसलेला ताकेशी म्हणजेच हा गृहस्थ. मूळ कार्यक्रम जपानच्या टीबीएस वाहिनीवर १९८६ ते १९९० या काळात चालला. आपल्याकडे तो येईपर्यंत किल्लेदार व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह घेऊन बसला होता, याची आपल्या बैठकीच्या खोल्यांमध्ये कुणाला गंधवार्ता नव्हती. गंमत म्हणजे जपानमध्येही बरीच वर्षं हेच उलट्या बाजूने चाललं होतं. तिथे सगळे त्याला टीव्हीवरचा विदूषक म्हणून ओळखत, आणि तो चित्रपटही काढतो हे लोकांना फारसं गंभीरपणे घ्यावंसं वाटत नसे.

कितानोचा जन्म १९४७चा, तोक्योच्या आदाची भागातला. वडील किकुजिरो घरांना रंग देणारे आणि दारू पिणारे. आई साकी शिक्षणाच्या बाबतीत कडक. मुलगा मेइजी विद्यापीठात अभियांत्रिकी शिकायला गेला आणि ते अर्धवट टाकून आसाकुसाला पोचला. आसाकुसा म्हणजे तोक्योची जुनी करमणुकीची पेठ. तिथे ‘फ्रान्स-झा’ नावाचं, बायकांच्या नाचांसाठी प्रसिद्ध असलेलं थिएटर होतं. दोन नाचांच्या मध्ये विनोदी प्रवेश होत. कितानो तिथे लिफ्ट चालवायला लागला. सेन्झाबुरो फुकामी नावाचा विनोदी नट तिथला उस्ताद. त्याच्या हाताखाली कितानो टॅप डान्स शिकला, प्रवेश शिकला आणि लोक हसले नाहीत तर काय करायचं हेही शिकला. फुकामी स्वतः टीव्हीवर फारसा गेलाच नाही. १९८३ साली राहत्या खोलीला लागलेल्या आगीत तो गेला. शिष्य तोवर देशातला सर्वांत मोठा विनोदवीर झाला होता. (या गुरुशिष्यांवर ‘आसाकुसा किड’ हा चित्रपट २०२१ साली नेटफ्लिक्सवर आला. जरूर पाहा. ज्या इमारतीत हे घडलं तिथे आजही विनोदाचे कार्यक्रम चालतात.)

कितानो मोठा झाला तो ‘मान्झाई’ या प्रकारात. दोघेजण उभे राहून बोलतात, एक वेंधळ्यासारखं काहीतरी बरळतो आणि दुसरा त्याला टप्पल मारून भानावर आणतो. आपल्या तमाशातल्या बतावणीची ज्यांना सवय आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. फरक वेगाचा. मान्झाईत श्वास घ्यायलाही फुरसत नसते. कितानो आणि त्याचा जोडीदार यांची जोडी ‘टू बीट’ म्हणून गाजली, आणि त्यातूनच ‘बीट ताकेशी’ हे नाव चिकटलं. आजही तो अभिनय करतो तेव्हा श्रेयनामावलीत ‘बीट ताकेशी’ असतो आणि दिग्दर्शन करतो तेव्हा ‘ताकेशी कितानो’.

१९८३ साली नागिसा ओशिमाने ‘मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्स’मध्ये त्याला युद्धकैद्यांच्या छावणीतल्या क्रूर सार्जंटची भूमिका दिली. चित्रपट लागल्यावर कितानो हळूच थिएटरात जाऊन मागे बसला. पडद्यावर त्याचा चेहरा आल्याबरोबर सगळं थिएटर हसलं. प्रसंग अजिबात हसण्यासारखा नव्हता. हा किस्सा त्याने पुढे बऱ्याचदा सांगितला आहे. त्यानंतर टीव्हीवर आठवडाभर विदूषकी आणि पडद्यावर मात्र खुनी, पोलीस, याकुझा म्हणजे जपानी टोळ्यांतले गुंड, अशी वाटणी त्याने स्वतःच करून घेतली.

दिग्दर्शक तो अपघाताने झाला. १९८९च्या ‘व्हायोलंट कॉप’चं दिग्दर्शन किंजी फुकासाकु करणार होता. तारखा जमल्या नाहीत, फुकासाकु बाजूला झाला आणि निर्मात्यांनी नायकालाच खुर्चीत बसवलं. कितानोने पटकथेतला विनोद काढून टाकला आणि कॅमेरा एका जागी रोवून ठेवला. लोक चालत येतात, उभे राहतात, काही बोलत नाहीत, मग अचानक गोळी सुटते. ‘सोनातीन’मध्ये (१९९३) याकुझांची टोळी ओकिनावाच्या समुद्रकिनाऱ्यावर लपून बसते आणि मोठी माणसं वाळूत पोरांसारखी खेळत राहतात. मरण येणार हे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मते हा त्याचा सर्वोत्तम चित्रपट. जपानमध्ये तेव्हा तो चालला नाही.

ऑगस्ट १९९४ मध्ये त्याच्या दुचाकीला अपघात झाला. त्यातून तो वाचला, पण चेहऱ्याचा अर्धा भाग लुळा पडला. बरं होता होता तो चित्रं काढू लागला. तीच चित्रं ‘हाना-बी’मध्ये दिसतात आणि त्याच ‘हाना-बी’ला १९९७ साली व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. २००३ साली ‘झातोइची’ने व्हेनिसलाच दिग्दर्शनाचा रौप्यसिंह मिळवून दिला. आंधळा तलवारबहाद्दर, पिवळे रंगवलेले केस, शेवटी सगळ्या गावाचा टॅप डान्स. हा चित्रपट धो धो चालला. आणि इथे, पैसा आणि मान दोन्ही एकदम हातात आल्यावर, कितानोचं गाडं अडलं.

पुढच्या तीन चित्रपटांत त्याने स्वतःचीच चिरफाड केली. ‘ताकेशीज’ (२००५) मध्ये एक बडा नट बीट ताकेशी आहे आणि त्याच्यासारखाच दिसणारा एक कितानो आहे, जो दुकानात काउंटरवर उभा राहतो आणि अभिनयाच्या सगळ्या चाचण्यांमध्ये नापास होतो. २००८ च्या ‘अकिलीझ अँड द टॉर्टस’मध्ये एक चित्रकार आयुष्यभर चित्रं काढतो आणि एकही चांगलं काढू शकत नाही. त्यातली बरीचशी चित्रं कितानोची स्वतःचीच. आणि या दोघांच्या मध्ये आमचा पुतळा.

समीक्षकांना या ठिकाणी फेलिनीचा ‘८½’ आठवतो. चित्रपट सुचत नसलेल्या दिग्दर्शकाविषयीचा चित्रपट म्हटलं की त्याचं नाव निघणारच. पण फेलिनीचा नायक देखणा आहे, त्याच्या गोंधळालाही एक डौल आहे, त्याच्याभोवती सुंदर बायका आणि मधुर संगीत आहे. कितानोकडे पुतळा आहे. फेलिनीला प्रश्न पडतो की माझ्या आत सांगण्यासारखं काय आहे. कितानोचा प्रश्न बाजारातला आहे: सध्या काय खपतं?

हा प्रश्न त्या सुमारास जपानमध्ये अगदी ऐरणीवर होता. २००६ साली, तब्बल २१ वर्षांनंतर, जपानी चित्रपटांनी आपल्याच देशात परदेशी चित्रपटांपेक्षा जास्त गल्ला जमवला होता. जुने स्टुडिओ केव्हाच थकले होते. टीव्ही वाहिन्या, प्रकाशन संस्था आणि जाहिरात कंपन्या एकत्र येऊन समिती नेमायच्या आणि समितीच्या हिशेबाने चित्रपट निघायचे. हिशेब सोपा होता. गाजलेली कादंबरी घ्या, लोकप्रिय चित्रकथा घ्या, पूर्वी चाललेला प्रकार पुन्हा काढा. २००४ साली एका मरणाऱ्या मुलीच्या प्रेमकथेने ८५० कोटी येनांच्या घरात धंदा केला, आणि पुढची काही वर्षं पडद्यावर मुली मरतच राहिल्या. १९९८च्या ‘रिंगु’नंतर लांब केसांच्या भुतांना सुगी आली. २००५ साली ‘ऑलवेज’ आला. १९५०च्या दशकातलं गरीब पण प्रेमळ तोक्यो, टीव्हीचं पहिलं आगमन, अश्रू, संध्याकाळ. त्याच वर्षी ‘शिनोबी’ आला, निन्जांचा.

कितानोने हीच यादी हातात घेतली आणि एकेका प्रकाराचा नमुना काढून पाहिला. ‘कांतोकु बांझाई!’चा पहिला अर्धा भाग म्हणजे हे अर्धवट सोडलेले चित्रपट. प्रत्येक तुकडा काही मिनिटं नीट, मन लावून चित्रित केलेला आहे. मग तो थांबतो आणि निवेदकाचा आवाज त्याच्या मुसक्या आवळतो.

यातला पहिला तुकडा ‘सेवानिवृत्ती’. कृष्णधवल. कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. नोकरीतून निवृत्त झालेला एक गृहस्थ घरी येतो. बायको दारात. दोघं बसतात, चहा येतो. दोघं सरळ कॅमेऱ्यात बघून बोलतात. वाक्यं लहान, आवाज सपाट, प्रत्येक वाक्यानंतर किंचित थांबा. मधेच रिकामी खोली दिसते, किंवा कोपऱ्यातली एखादी वस्तू. जपानी चित्रपटांशी तोंडओळख असलेल्या कुणालाही पहिल्या दहा सेकंदांत कळतं की ही दिग्दर्शक यासुजिरो ओझूची नक्कल आहे.

आणि ती अचूक आहे. विडंबनात सहसा एक आळस असतो. वरवरची दोन लक्षणं उचलायची, ती फुगवायची आणि हशा मिळवून मोकळं व्हायचं. कितानो तसं करत नाही. चौकटीची मांडणी, दारांच्या रेषा, माणसांच्या बसण्यातलं अंतर, सगळं जागच्या जागी आहे. मी काही चित्रपटवेड्या मित्रांना हा तुकडा आधी काही न सांगता दाखवला, तेव्हा ते गप्प होऊन बघत राहिले. पुढे काय होतं याची त्यांना उत्सुकता लागली होती. तेवढ्यात निवेदक म्हणतो, त्याचा आशय असा: माणसं चहा पितायत नि दारू पितायत, हे अर्धा तास बघायला आजच्या काळात कोण येणार? आणि चित्रपट बंद. मित्रांपैकी एकजण चक्क वैतागला. त्याला ती निवृत्तीची गोष्ट पुरी बघायची होती.

तो वैताग मला या चित्रपटाची किल्ली वाटतो. कितानो ओझूची टिंगल करत नाही. ओझूसारखा चित्रपट आज कुणी करू देणार नाही, आणि केला तरी कुणी बघणार नाही, हे तो सांगतो, आणि सांगताना तो तसा चित्रपट करू शकतो हेही जाता जाता दाखवून देतो. शांत बसलेला कॅमेरा आणि न बोलणारी माणसं हे कितानोचं स्वतःचंही भांडवल आहे. ‘हाना-बी’तलं नवरा-बायकोचं मौन ओझूच्या घरात सहज बसलं असतं, फक्त खिशातलं पिस्तूल दाराबाहेर ठेवायला लागलं असतं.

इथे एक आडवळण घेतो. चित्रपटातून चित्रपटाची, आणि विदूषकाची, गोष्ट जपानमध्ये सांगितली ती खुद्द ओझूने, फार पूर्वी. त्याच्या १९३२च्या मूकपटात, ‘आय वॉज बॉर्न, बट...’ मध्ये, दोन लहान भाऊ वडिलांच्या साहेबाच्या घरी जातात. साहेबाला हौशी चित्रीकरणाचा नाद आहे. घरगुती फिल्म लावली जाते आणि पडद्यावर त्यांचे वडील दिसतात. साहेबाला खूश करण्यासाठी माकडचेष्टा करणारे, तोंडं वेंगाडणारे. खोलीतले सगळे हसतात. मुलांच्या लेखी जगातला सर्वांत मोठा माणूस त्या पांढऱ्या चौकोनात विदूषक झालेला असतो. घरी आल्यावर मुलं जेवण टाकतात. ओझूने तेव्हा तिशीही गाठली नव्हती. लोक हसतायत आणि हसं होणाऱ्याच्या माणसांना ते बघावं लागतंय, ही कल्पना कितानोच्या सगळ्या कारकिर्दीखाली वाहते आहे. त्याच्या बाबतीत प्रेक्षकांत मागच्या रांगेत तो स्वतःच बसलेला होता, इतकाच फरक.

ओझूनंतर प्रेमपट येतात. जीव ओवाळून टाकणारी नायिका, स्मृती गेलेला नायक, वगैरे. हे तुकडे लवकर उरकलेले आहेत आणि तसेच ते बरे आहेत. कितानोला प्रेमकथेचा तिटकारा नाही, पण त्यातलं रडं त्याला झेपत नाही. भुताचा तुकडा आणि निन्जाचा तुकडाही असेच. निन्जा तर मला निव्वळ भरताड वाटला.

एक तुकडा मात्र वेगळा आहे. त्याचं नाव ‘डांबर आणि रिकिदोझान’. रिकिदोझान हा १९५०च्या दशकातला जपानचा लाडका कुस्तीगीर. रस्त्यावरच्या टीव्हीसमोर गर्दी करून लोक त्याच्या कुस्त्या बघत. सुरुवात थेट ‘ऑलवेज’च्या वळणाची आहे. जुनी वस्ती, अर्ध्या चड्डीतली पोरं, रस्त्यावर डांबर पडतंय. वाटतं की आता डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी येणार. पण कितानोला ते गल्लीबोळ खरोखर माहीत आहेत. त्यामुळे त्या वस्तीत दारू येते, हात उगारणारा बाप येतो, गरिबीतला कुचकेपणा येतो. गोड आठवणींचा चित्रपट काढायला बसलेल्या माणसाच्या हातून मारहाणीचा चित्रपट निघतो, आणि निवेदक तोही बंद करून टाकतो. सगळ्या चित्रपटात हीच काही मिनिटं अशी आहेत की जिथे विनोद थांबल्यासारखा वाटतो. ‘ऑलवेज’ने जपानी अकादमीच्या पुरस्कारांची लयलूट केली होती. तशा वस्तीत प्रत्यक्ष वाढलेल्या माणसाने त्यावर दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते भाषण न देता दिलेलं आहे.

निवेदकाचा आवाज मासातो इबु या नटाचा. खर्जातला, माहितीपटात शोभणारा, स्वतःवर फार खूश असलेला. हा आवाज म्हणजे मान्झाईतला टप्पल मारणारा जोडीदार. दिग्दर्शक कितानो एकेक वेडगळ बेत घेऊन येतो आणि आवाज त्याला हाणतो. म्हणजे एकेकाळी जो धंदा दोघांनी मिळून केला तो इथे एकटा माणूस स्वतःशी करतोय. बरेचसे पाश्चात्त्य समीक्षक या चित्रपटाला विस्कळीत म्हणाले. विस्कळीत तो आहेच. पण पहिला अर्धा भाग मान्झाईच्या ठेक्यावर ऐकला तर तो फार आखीव वाटतो. बरळ, टप्पल. बरळ, टप्पल.

दुसरा अर्धा भाग हे एकच लांबलचक बरळणं आहे आणि टप्पल मारणारा जवळजवळ गायब झालाय. बाकी सगळे बेत फसल्यावर दिग्दर्शक विज्ञानपटाकडे वळतो. एक उल्का पृथ्वीच्या दिशेने निघाली आहे. इथवर ठीक. पण मग गोष्ट त्या उल्केला विसरते आणि एका लुच्च्या आईच्या आणि तिच्या मुलीच्या मागे लागते. कायोको किशिमोतो आणि अ‍ॅन सुझुकी यांनी ही कामं काय बेफाम केली आहेत! मुलीच्या हातात बदकाची बाहुली. दोघी एका बड्या आसामीच्या घरात शिरकाव करण्याच्या खटपटीत आहेत आणि त्या आसामीचा सचिव म्हणजे कितानो. तिथे एक रामेनच्या दुकानातला प्रसंग आहे. शेवयांच्या वाडग्यात झुरळ टाकून फुकट जेवायचं, हा दोघींचा बेत. पण दुकानाचे मालक निघतात ते अंगापिंडाने रेड्यासारखे दोन कुस्तीगीर. मासाहिरो चोनो आणि हिरोयोशी तेन्झान या खऱ्याखुऱ्या व्यावसायिक मल्लांनी ती कामं केली आहेत. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाचं त्या दुकानात काय होतं ते लिहून सांगण्यात मजा नाही.

प्रसंग अवघड झाला, मार खायची वेळ आली, काही उत्तर द्यायची वेळ आली, की कितानोच्या जागी पुतळा असतो. मधला क्षण दाखवलेलाच नाही. या चौकटीत माणूस, पुढच्या चौकटीत पुतळा. बाकीचे लोक त्या पुतळ्याशी बोलत राहतात, त्याला चोपतात, उचलून नेतात. कधीकधी स्वतः कितानोच तो पुतळा काखोटीला मारून चालू लागतो. सुरुवातीला हसू येतं, मग कंटाळा येतो, आणि कंटाळ्याच्या पलीकडे गेल्यावर पुन्हा हसू येतं, ते जरा वेगळं. आठवड्यातून अनेकदा टीव्हीवर दिसणारा, अर्धा चेहरा न हलणारा, दोन नावांनी वावरणारा माणूस. यातला हजर कोण आणि पुतळा कोण? कितानो हा प्रश्न तोंडाने विचारत नाही, फक्त पुतळा नेऊन खुर्चीवर बसवतो. चित्रपटाच्या अखेरीस डॉक्टर निदान सांगतात: डोकं बिघडलेलं आहे.

जपानमध्ये चित्रपट चालला नाही. आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. खपणाऱ्या प्रत्येक प्रकाराची चेष्टा करणारा चित्रपट खपावा, ही अपेक्षाच फाजील. आश्चर्य घडलं ते व्हेनिसला. २००७च्या महोत्सवात तो स्पर्धेबाहेर दाखवला गेला, आणि महोत्सवाने त्याच्याच नावाने एक नवा सन्मान सुरू केला. ‘ग्लोरी टु द फिल्ममेकर’ पुरस्कार. समकालीन चित्रपटकलेवर मोलाचा ठसा उमटवणाऱ्यांसाठी. पहिला मानकरी खुद्द कितानो. ज्या शीर्षकात दिग्दर्शकाची उघड उघड टर उडवली होती तेच आता चषकावर कोरलं गेलं, आणि घड्याळाच्या एका बड्या कंपनीने त्याला पैसे पुरवले. पुढे अब्बास किआरोस्तामी, आन्येस वार्दा, सिल्व्हेस्टर स्टॅलोन, अल पचिनो, स्पाइक ली, रिडली स्कॉट अशा मंडळींना तो मिळाला. २०१० साली तो आपल्या मणिरत्नमला मिळाला. मणिरत्नमच्या चाहत्यांपैकी कितीजणांना त्या पुरस्काराचं मूळ एका पुतळ्यात आहे हे ठाऊक असेल कोण जाणे. या सगळ्या यादीला विनोद म्हणून पाहिलं तर कितानोच्या चित्रपटात नसलेला, आणि त्याच्याहून सरस, असा तो एक प्रसंग आहे.

चित्रपट काढण्याच्या खटाटोपावर जपानने आणखीही विनोदी चित्रपट काढले आहेत. त्यांतला एक इथे आणायलाच हवा, कारण तो कितानोच्या अगदी उलट टोकाला उभा आहे. शिनइचिरो उएदाचा ‘वन कट ऑफ द डेड’. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद गाळून पुढे जावं. खरंच जावं.) तोक्योतल्या एका चित्रपट-नाट्य प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेतून निघालेला, अनोळखी नटांचा, साधारण ३० लाख येनांत केलेला हा चित्रपट. जून २०१८ मध्ये तो तोक्योतल्या फक्त दोन थिएटरांत लागला. तोंडातोंडी गाजत देशभर पसरला आणि त्याने ३०० कोटी येनांच्या वर धंदा केला. खर्चाच्या हजारपट. पुढे मिशेल आझानाविसियुसने त्याची फ्रेंच आवृत्ती काढली आणि २०२२चा कान महोत्सव तिनेच सुरू झाला.

पहिली ३७ मिनिटं एकाच सलग शॉटची. बंद पडलेल्या पाणीशुद्धीकरण केंद्रात झॉम्बीपटाचं चित्रीकरण चालू असताना खरे झॉम्बी येतात. सगळं टुकार वाटतं. नट मध्येच गप्प होतात, उगाच काहीतरी बडबडतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. मग गोष्ट मागे जाते आणि ती ३७ मिनिटं पडद्यामागून दिसू लागतात. थेट प्रक्षेपण चालू आहे, कॅमेरा थांबवायचा नाही, एक नट दारू पिऊन झिंगलाय, दुसऱ्याचं पोट बिघडलंय. प्रत्येक टुकार क्षणामागे कुणीतरी जिवाच्या आकांताने धावत होतं. शेवटचा उंचावरचा शॉट घ्यायचा तर क्रेन मोडलेली. मग सगळे एकमेकांच्या पाठीवर चढून माणसांचा मनोरा रचतात, आणि वर दिग्दर्शकाची मुलगी बापाच्या खांद्यावर बसून कॅमेरा धरते. ती लहान असताना अशीच त्याच्या खांद्यावर बसलेली, असा एक फोटो त्याने पटकथेत जपून ठेवलेला आपण पाहिलेला असतो.

उएदाकडे काहीच नव्हतं म्हणून त्याचा विनोद माणसांच्या एकजुटीचा झाला. कितानोकडे सगळं होतं. स्वतःची कंपनी, नाणावलेले नट, महोत्सवांची दारं सताड उघडी. त्याच्या चित्रपटात एकजूट कुठेच नाही. दिग्दर्शनाची टीमसुद्धा दिसत नाही. एक आवाज, एक पुतळा, एक माणूस. उएदाचा चित्रपट मला जास्त आवडतो. कोणाला आवडणार नाही? पण चित्रपट काढणाऱ्या माणसाविषयी जास्त खरं कोण सांगतं असं विचाराल तर मी कितानोचं नाव घेईन. मनोरा रचायला दहाजण मिळतात ते तरुणपणी. साठीला टेकलेल्या, तेरावा चित्रपट करणाऱ्या माणसाची अडचण अशी असते की लोकांना त्याच्याकडून एकच गोष्ट हवी असते, ती त्याला उत्तम जमते, आणि तिचाच त्याला उबग आलेला असतो.

तो उबग फार दिवस टिकला नाही. २०१० साली कितानो ‘आउटरेज’ घेऊन कानच्या स्पर्धेत उतरला. याकुझा, शिव्या, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतला तो भयंकर प्रसंग. पुढे २०१२ आणि २०१७ साली त्याचे आणखी दोन भाग आले. गुंडपट न काढण्याची घोषणा करणाऱ्या दिग्दर्शकावरच्या चित्रपटानंतर तीनच वर्षांत गुंडपटांची मालिकाच सुरू झाली. निवेदकाला इथे बरंच काही बोलता आलं असतं.

२०२४ साली, वयाच्या ७७व्या वर्षी, कितानो ‘ब्रोकन रेज’ घेऊन पुन्हा व्हेनिसला गेला. जेमतेम तासाभराचा चित्रपट. पहिल्या अर्ध्या भागात एका म्हाताऱ्या भाडोत्री मारेकऱ्याची गोष्ट कोरड्या, थंड शैलीत सांगितलेली, आणि दुसऱ्या भागात तीच गोष्ट, तीच माणसं, तेच प्रसंग, पण आता मारेकरी खुर्चीवरून पडतो, दारावर आपटतो, सगळ्याचा विचका करतो. सतरा वर्षांपूर्वी जे त्याला दीड-पावणेदोन तासांत आवरलं नव्हतं ते इथे नेमकं आवरलं आहे. बतावणी छोटीच असावी लागते, हे त्याला आसाकुसातच शिकवलेलं होतं.

तेव्हा ज्यांना कितानो पाहायचा आहे त्यांनी ‘कांतोकु बांझाई!’ने सुरुवात करू नये. वीस मिनिटांत कंटाळून बंद कराल आणि दोष त्याला द्याल. आधी ‘सोनातीन’ पाहा, मग ‘हाना-बी’, जमल्यास ‘किकुजिरो’. मधे एखादा ओझू होऊन जाऊ द्या, ‘तोक्यो स्टोरी’ किंवा तो १९३२चा मूकपट. ‘ब्रोकन रेज’ प्राइम व्हिडिओवर आहे, तो जेवण झाल्यावर कधीही बघता येईल. आणि एवढं सगळं पाहून झाल्यावर हा पुतळ्याचा चित्रपट लावा. दुसरा अर्धा भाग असह्य झाला तर खुशाल पुढे ढकला, पण ‘डांबर आणि रिकिदोझान’ मात्र चुकवू नका.